वेताळ, वाचनालय आणि आपली मुलं : कॉमिक्स कट्ट्याचा इतिहास



रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत सोसायटीच्या नोंदणीचा, पाण्याच्या टाकीचा, लिफ्टचा आणि गणेशोत्सवाचा इतिहास येणारच. स्मरणिका समितीने माझ्याकडे मात्र वेगळा विषय दिला. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आपल्या गेटसमोरच्या सार्वजनिक वाचनालयात कॉमिक्स कट्टा भरतो, त्यावर लिहायचं. सोसायटीच्या कुठल्याही इतिवृत्तात या कट्ट्याची नोंद नाही. हा उपक्रम सोसायटीचा नाही आणि सोसायटीच्या पैशातून त्याला कधी रुपयाही लागला नाही. पण तिथे येणारी निम्मी मंडळी आपल्याच तीन विंगमधली आहेत, म्हणून जे आठवतं ते इथे लिहून ठेवते.

सुरुवात माळ्यावरच्या खोक्यांपासून झाली. ए विंगमधल्या एका घरी रंगकाम निघालं आणि माळा रिकामा करताना तीन खोकी खाली आली. आत जुने चांदोबा, इंद्रजाल कॉमिक्स, अमर चित्र कथा. रद्दीवाला वजन करायला बसलाच होता. घरातल्या आजोबांनी त्याला थांबवलं आणि खोकी वाचनालयात पोहोचवायला सांगितलं.

वाचनालयात नवीच अडचण उभी राहिली. पुस्तक वाचनालयाचं व्हायचं तर ते दाखल नोंदवहीत चढावं लागतं, त्याला दाखल क्रमांक मिळतो आणि मगच ते घरी नेता येतं. ही कॉमिक्स पातळ, पिना मारलेली, पाठीवर नाव नसलेली. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "यांना पुस्तक म्हणून कसं चढवू? आणि मासिकं म्हणावीत, तर मासिकं आम्ही ठरावीक काळाने रद्दीतच देतो." शेवटी त्यांनी खालचा एक कप्पा रिकामा करून दिला आणि अट घातली, की घरी न्यायचं नाही, इथेच बसून वाचायचं.

आपला कट्टा या अटीतून जन्मला. घरी नेता येत नाही म्हणून माणसं एकाच टेबलाशी बसू लागली, आणि एकत्र बसल्यावर मराठी माणूस गप्प थोडाच राहणार!

त्या खोक्यांत काय होतं हे नव्या पिढीसाठी थोडं सांगायला हवं. 'चांदमामा' मासिक १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झालं. त्याची मराठी आवृत्ती म्हणजे आपला 'चांदोबा', तो १९५२ पासून येऊ लागला. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने सुरू केली. पहिल्या अंकापासून त्यात ली फॉकचा फँटम होता, पुढे मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी आले. सुरुवातीच्या अनेक अंकांची मुखपृष्ठं बी. गोविंद यांनी रंगवली होती. १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' हा अस्सल भारतीय नायक दिला. कुर्ता आणि जीन्स घालून तो डाकूंशी लढायचा. १९९० साली इंद्रजाल बंद पडलं, तोपर्यंत सुमारे ८०० अंक निघाले होते.

अमर चित्र कथेचे अनंत पै आधी टाइम्समध्येच होते. १९६७ साली दिल्लीत दूरदर्शनवरच्या एका प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक पुराणातलं उत्तर देता आलं, पण रामाच्या आईचं नाव सांगता आलं नाही. ते पाहून पैंना ही मालिका सुचली, हा किस्सा प्रसिद्धच आहे. इंडिया बुक हाऊसने ती छापली. १९८० साली त्यांनीच 'टिंकल' काढलं.

कट्ट्यावर मुलांना एक खेळ लागला, चित्रकाराचं नाव शोधायचा. 'टिंकल'मधला सुपंडी राम वाईरकरांनी काढला आणि शिकारी शंभू वसंत हळबे यांनी. अमर चित्र कथेची कितीतरी पुस्तकं पुण्याच्या प्रताप मुळीक यांच्या हातची, आणि पुढे राज कॉमिक्सचा नागराज गाजला तोही मुळीकांच्याच चित्रांतून. मुलांना वाटायचं की कॉमिक्स म्हणजे अमेरिकेची आणि जपानची गोष्ट. एवढी आपली माणसं तिथे बसलेली बघून ती चकित झाली.

सगळ्यात रंगलेली चर्चा वेताळावरची. मराठी अंकांत फँटमला 'वेताळ' म्हणत. बी विंगमधली पाचवीतली एक मुलगी चांदोबा आणि इंद्रजाल शेजारी शेजारी ठेवून म्हणाली, "हा झाडाला लटकतो आणि राजा विक्रमाला प्रश्न विचारतो. तो घोड्यावर बसतो आणि गुंडांना मारतो. मग खरा वेताळ कुठला?" तिच्या शेजारी मूळच्या सिंधुदुर्गातल्या एक काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "खरो आमच्या गावात आसा!" कोकणात आणि गोव्यात वेताळ हा ग्रामदैवत आहे, गावाची राखण करणारा. मग लक्षात आलं की गुहेत राहणाऱ्या, कधी मरत नाही असं लोक ज्याला मानतात त्या जंगलाच्या राखणदाराला मराठीत हे नाव किती चपखल बसलं! भाषांतर म्हणजे काय, हे त्या संध्याकाळी मुलांना न शिकवता कळलं.

त्याच मुलीने पुढच्या महिन्यात अवघड प्रश्न टाकला. "वेताळ गोरा आहे. जंगलातले सगळे काळे. मग चारशे वर्षं त्याचंच का ऐकायचं?" टेबलाशी शांतता. वेताळावर जीव टाकणारे आमचे साठीतले दोघे काका थोडे दुखावलेच. एक म्हणाले, "आम्ही असं कधी वाचलंच नाही." दुसऱ्यांनी जुना अंक काढून दाखवला. मूळ इंग्रजी कथेतल्या देशाचं नाव आपल्या बंगालसारखं होतं, ते भारतीय अंकांत बदलून 'डेंकाली' केलेलं आहे. म्हणजे छापणाऱ्यांनाही कुठेतरी खटकलं असणार, असं त्यांचं म्हणणं. मुलीला ते पुरेसं वाटलं नाही. "नाव बदललं, राजा नाही बदलला," ती म्हणाली. वाद मिटला नाही, आणि तो मिटवायची घाई कोणी केली नाही. पुढे अमर चित्र कथेतल्या राक्षसांचा रंग कायम गडद का, राण्या सगळ्या गोऱ्या का, यावरही असंच बोलणं झालं. ज्या काकांना राग आला होता ते आजही येतात आणि तिच्यासाठी शेजारची खुर्ची धरून ठेवतात.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. आपल्या सोसायटीतली बहुतेक मुलं इंग्रजी माध्यमाची. मराठी बोलतात फडाफडा, पण पान भरून मराठी मजकूर समोर आला की पळतात. फुग्यातलं एक वाक्य मात्र वाचतात, कारण अडलं तर चित्र सांभाळून घेतं. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा 'चिंटू' १९९१ पासून 'सकाळ'मध्ये येऊ लागला. त्याच्या पुस्तकांनी कट्ट्यावर सगळ्यात जास्त काम केलं. सोसायटीचं मैदान, शेजारचे काका, आईची ओरड, सगळं ओळखीचं. जोडाक्षरं अडखळत वाचणारी दोन मुलं आता आपल्या गणेशोत्सवात मराठीतून सूत्रसंचालन करतात.

तीन वर्षांपूर्वी वाचनालयात पुस्तकांची मोजदाद झाली, आणि नोंद नसलेलं सगळं काढून टाकायचं ठरलं. आपला कप्पा पहिला. ग्रंथपाल बाईंनीच वाट सुचवली. पाच-पाच अंक एकत्र बांधले तर पुठ्ठा येईल, पाठीवर नाव येईल, आणि दाखल क्रमांक देता येईल. कट्ट्यावरच्या लोकांनी आपसात पैसे काढले. बाइंडरला बजावून सांगितलं, कडा कापू नका, चित्रं कापली जातील.

पण क्रमांक मिळाला की पुस्तक घरी नेता येणार. मग कट्ट्यावर येणार कोण? यावर चक्क मतदान झालं. मुलांना घरी न्यायचं होतं, मोठ्यांना भीती वाटत होती. शेवटी ठरलं ते असं : चिंटू आणि नवी पुस्तकं घरी द्यायची, जुने बांधलेले अंक तिथेच बसून वाचायचे. मोठ्यांची भीती अगदीच खोटी ठरली नाही, गर्दी थोडी कमी झाली. तरी टेबल भरतं.

त्या तीन खोक्यांतलं सगळं आता नोंदवहीत आहे. बहादूरचे मराठी अंक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मिळाले. ही कॉमिक्स स्वस्त होती, हातोहात फिरायची आणि फाटली की जायची, म्हणून ती कोणी जपली नाहीत. दिवाळीची साफसफाई जवळ आली आहे. माळ्यावरचं खोकं रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून बघा, आणि काही सापडलं तर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी घेऊन या. अंक फाटका असला तरी चालेल. चिकटवायला आमच्याकडे मुलं आहेत.