स्मिता पाटील यांच्या चार भूमिका आणि चार मराठी पुस्तके

स्मिता पाटील यांच्या उत्तम भूमिकांची यादी करावयास बसले की प्रारंभ बहुधा श्याम बेनेगल यांच्यापासून होतो आणि ‘निशांत’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘मिर्च मसाला’ असे टप्पे घेत ती हिंदी समांतर चित्रपटाच्या इतिहासात मिसळून जाते. यात चूक काहीच नाही. परंतु मराठीच्या अभ्यासकाने ही यादी आपल्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभे राहून पुन्हा एकदा वाचावी, असे आम्हांला वाटते. १९७७ ते १९८२ या काळातील त्यांच्या चार महत्त्वाच्या भूमिका मराठी पुस्तकांतून आलेल्या आहेत: गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’मधील चिंधी, हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून घडलेली ‘भूमिका’तील उषा, जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधील अम्मा आणि शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेल्या ‘उंबरठा’तील सुलभा महाजन. उत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना दोनदा लाभला, तो ‘भूमिका’ आणि ‘चक्र’ या हिंदी चित्रपटांसाठी. आणि या दोन्ही चित्रपटांचे मूळ मराठी गद्यात आहे.

पुण्यात १७ ऑक्टोबर १९५५ रोजी जन्मलेल्या स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देत असत. १९७५च्या सुमारास त्या चित्रपटांत आल्या आणि १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. जेमतेम बारा वर्षांच्या या कारकिर्दीत उपरोक्त चार भूमिका शेजारी शेजारी ठेवल्या, तर एक सूत्र हाती लागते. स्त्री आणि घर यांच्या नात्याविषयी या पुस्तकांनी वेगवेगळ्या वेळी जे प्रश्न उपस्थित केले होते, ते सारे या एका अभिनेत्रीच्या रूपाने पडद्यावर एकत्र आले.

जब्बार पटेल यांच्या ‘जैत रे जैत’मधली (१९७७) चिंधी ठाकर समाजातली. नको असलेला नवरा टाकून ती नाग्याला आपला मानते, आणि लिंगोबाच्या डोंगरावरील मधमाश्यांशी त्याने मांडलेले वैरही आपले मानते. ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत यांनी कथनाचा बराच भार उचलल्यामुळे संवादाला येथे जागा थोडी आहे. त्यामुळे चिंधी कळते ती चालण्यातून, डोंगर चढण्यातून, नाग्याकडे पाहण्यातून. चौघींपैकी घर मोडण्याचा निर्णय सर्वांत सहजपणे घेते ती हीच.

त्याच वर्षीच्या ‘भूमिका’त ही सहजता उरत नाही. ‘सांगत्ये ऐका’ हे हंसा वाडकरांनी सांगितलेले आत्मकथन. त्याचे नाव त्यांच्या १९५९च्या गाजलेल्या चित्रपटावरून घेतलेले असले, तरी आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर त्या दोन शब्दांचा अर्थ पालटतो. ‘सांगत्ये’ या क्रियापदात बोलणारी स्त्री आहे आणि ‘ऐका’मध्ये तिने समोर बसवलेला श्रोता. बेनेगलांनी हे नाव बाजूला ठेवून ‘भूमिका’ हे नाव घेतले, तेव्हा सांगणारी स्त्री पाहिली जाणारी स्त्री झाली. निवेदनाचा हा गेलेला अधिकार परत मिळवणे, हेच बाविशीच्या स्मिता पाटील यांच्यापुढचे अवघड काम होते. विनायक काळेच्या वाड्यातील प्रसंग या दृष्टीने पाहावा. प्रतिष्ठित घर मिळाले असे वाटत असतानाच आपल्याला बाहेर पडण्याची मुभा नाही, हे उषाला उमगते. आणि सुटकेसाठी तिला ज्या नवऱ्याला सोडून ती आली त्यालाच बोलवावे लागते. येथे ती फारसे बोलत नाही. तरी तिच्या चेहऱ्यावरचा संताप आणि थकवा पाहताना, ही बाई हे सारे पुढे कधीतरी कुणाला तरी सांगणार आहे, अशी खात्री वाटते.

रवींद्र धर्मराज यांच्या ‘चक्र’मध्ये (१९८१) प्रश्न आणखी खाली, जमिनीवर येतो. अम्माला घर सोडण्याचा प्रश्नच पडत नाही. असलेली झोपडी टिकवणे हेच तिचे जगणे, आणि अखेरीस ती झोपडपट्टीही जमीनदोस्त होते. या चित्रपटाच्या जाहिरातीत अम्माच्या स्नानाच्या दृश्याचा वापर झाला आणि त्यावर वाद झाला. आडोसा नसलेल्या बाईला उघड्यावर स्नान करावे लागते, हे दळवींच्या जगातले साधे वास्तव. भिंतीवरच्या जाहिरातीत ते निराळ्याच कारणासाठी विकले गेले. रूपांतराचा अभ्यास करताना जाहिरातही वाचावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण आम्हांला ठाऊक नाही.

‘उंबरठा’ (१९८२) हा या मालिकेतील सर्वांत वादप्रवर्तक चित्रपट. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, पटकथा विजय तेंडुलकरांची. सुखवस्तू घरातील सुलभा पती आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून जाते. परतल्यावर पतीच्या आयुष्यात दुसरी स्त्री आल्याचे तिला कळते आणि ती पुन्हा बाहेर पडते. या एका कथेला तीन नावे लाभली आहेत. कादंबरी ‘बेघर’, मराठी चित्रपट ‘उंबरठा’, हिंदी आवृत्ती ‘सुबह’. पहिले नाव काय गमावले ते सांगते, दुसरे कोणती रेषा ओलांडली ते, आणि तिसरे पुढे काय उजाडेल याची आशा. प्रत्येक नावात सुलभेविषयीचा एक निवाडा आहे. स्मिता पाटील यांचा अभिनय मात्र यांपैकी कोणत्याही निवाड्याला पूर्णपणे वश होत नाही. तिच्या निर्णयात अपराधभाव आहे आणि ठामपणाही आहे, आणि शेवटपर्यंत त्यांतला एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही.

या चार भूमिकांचा गौरव करताना एक बोच मनात राहते. ‘उंबरठा’ पाहिलेले विद्यार्थी वर्गात पुष्कळ असतात. शांता निसळ हे नाव त्यांतल्या थोड्यांनाच ठाऊक असते. उषा लक्षात राहते, पण रतन साळगावकर या नावाने जन्मून हंसा वाडकर या नावाने जगलेली स्त्री तिच्या सावलीत जाते. थोर अभिनय मूळ पुस्तकाला नवे आयुष्य देतो तसा तो त्याला झाकूही शकतो. चित्रपट लोकप्रिय आहे म्हणून त्याला दोष देणे व्यर्थ. पुस्तक वर्गात आणणे ही जबाबदारी शिकवणाऱ्यांची आहे. चित्रपट आधी दाखवावा, आणि दुसऱ्याच तासाला ‘सांगत्ये ऐका’ मोठ्याने वाचावयास घ्यावे. उषाचा चेहरा पाहून आलेल्या मुलामुलींना हंसाबाईंचा आवाज तेव्हा अधिक स्पष्ट ऐकू येईल.