तोरणातला मेक्सिकन पाहुणा

दसऱ्याच्या दिवशी आमच्या दारव्ह्यात बिनतोरणाची चौकट शोधूनही सापडायची नाही. घराला तोरण असतंच. पण पिठाच्या गिरणीला, ट्रॅक्टरला, ऑटोला, सायकलच्या हँडललाही झेंडूची माळ असते. पिवळा झेंडू, केशरी झेंडू, मधे आंब्याचं पान आणि शेतकऱ्याच्या घरी जोडीला ज्वारीचं कणीस. हे सगळं इतकं आपलं वाटतं, की झेंडू इथं पूर्वापार असणार, याबद्दल कुणाला शंकाही येत नाही. इतिहास मात्र वेगळं सांगतो.

झेंडू मूळचा मेक्सिकोचा. तिथल्या जुन्या नाहुआ भाषेत त्याच्या नावाचा अर्थ होतो 'वीस फुलं'. एका फुलात वीस फुलं मावावीत इतका तो भरगच्च! आजही १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोतली माणसं पितरांना घराची वाट दिसावी म्हणून झेंडूच्या पाकळ्या अंथरतात. त्यांचा झेंडू पितरांचा, आपला देवीचा. आणि आपल्याकडेही पितृपंधरवडा संपला, की लगेच घट बसतात!

१६व्या शतकात स्पॅनिश लोकांनी झेंडूचं बी युरोपात नेलं. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि पुढे त्यांच्या जहाजांतून मिरची, तंबाखू, अननस, काजू इकडे आले. झेंडूही त्याच वाटेनं आला, असं मानलं जातं.

मग त्याआधी सणाला काय असायचं? आंब्याचे डहाळे, आपटा, शमी, नव्या पिकाची कणसं. घटावरच्या माळेला तरवडाची, कारळ्याची पिवळी फुलं काही घरांत अजूनही आवर्जून आणतात. या जुन्या मंडळींत झेंडूनं जागा मिळवली, ती त्याच्या गुणांवर. ऐन आश्विनात तो फुलतो. तोडल्यावर दोन-तीन दिवस टिकतो. देठाजवळचा हिरवा भाग जाड असल्यानं सुई घातली तरी फूल विस्कटत नाही. आमच्या घरी आदल्या संध्याकाळी सगळे ओवायला बसत. पाच फुलं, मग दुमडलेलं आंब्याचं पान, पुन्हा पाच फुलं, हा आईचा हिशेब. दोरा जास्त ओढला की ती रागवायची. फुलाला श्वास घ्यायला जागा ठेव, म्हणायची. तोरण वाळलं, की त्यातली चांगली फुलं डब्यात जायची. पुढच्या पावसाळ्यात अंगणात तीच कुस्करून पेरायची. बियाण्याला एक पैसा लागत नसे.

या पाहुण्याचं शेतातही काम आहे. कपाशीची बोंडं पोखरणाऱ्या हिरव्या अळीला आपण 'अमेरिकन बोंडअळी' म्हणतो. तिचा पतंग झेंडूवर अंडी घालतो, म्हणून कपाशीच्या कडेनं झेंडू लावावा, असं कृषी शास्त्रज्ञ सांगत आले आहेत. यालाच सापळा पीक म्हणतात. गंमत अशी, की ही 'अमेरिकन' अळी मूळची आपल्याकडच्या जुन्या जगातली, आणि आपला वाटणारा झेंडू खरा अमेरिकन. आपण आज लावतो ती लांब धाग्याची कपाशीही मूळची मेक्सिकोकडचीच. दोन जुने शेजारी दारव्ह्याच्या काळ्या मातीत पुन्हा धुऱ्याला धुरा लावून उभे राहतात!

२०१७ साली ऐन दसऱ्याच्या दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. झेंडूच्या दोन ओळींनी ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही. गुलाबी बोंडअळीवर तर या सापळ्याचा उपाय चालतही नाही. पण कडेची झेंडूची ओळ शेतकऱ्याला रोज शेत बघायला लावते. अळी आली की नाही, हे फुलावर आधी कळतं. त्याआधीच पाठीवर पंप चढवायची घाई टळू शकते.

बाजारासाठी झेंडू लावणाऱ्याची कसरत निराळीच. लागवडीनंतर सुमारे दोन महिन्यांनी फुलं येतात. २०२३ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता, २०२५ साली २ ऑक्टोबरला. म्हणजे पंचांग बघूनच रोप लावायचं. त्यात त्या आठवड्यात पाऊस आला, तर फूल पाणी धरतं आणि काळं पडतं. सकाळी चढा असलेला भाव दुपारनंतर कोसळतो आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला ढीग पडलेले दिसतात. वर्षानुवर्षं टिकणाऱ्या प्लास्टिकच्या माळांनी त्या भावावर आणखी एक घाव घातला आहे. प्लास्टिकचं फूल कुस्करून पेरता येत नाही.

चारशे वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्याला आपल्या लोकांनी जात, गाव, देश न विचारता थेट चौकटीवर बसवलं. परंपरा अशीच घडत असते. तेव्हा या दसऱ्याला फुलं घेताना फार घासाघीस करू नका. आणि तोरण उतरवलं, की गावरान झेंडूची चार फुलं बियाण्यासाठी बाजूला ठेवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)