मोठ्या घराचे ऊन पाणी

महाराष्ट्रातील जुन्या एकत्र कुटुंबांत आंघोळीचे पाणी तापवण्याची दोन साधने प्रामुख्याने आढळत. न्हाणीघरातील चुलाण्यावर कायम ठेवलेला हंडा हे पहिले, तर तांब्याचा बंब हे दुसरे. आगीच्या बंबालाही मराठीत हाच शब्द असून, त्याचे नाते पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’शी जोडले जाते; पाणी तापवणाऱ्या भांड्याला आग विझवणाऱ्या यंत्राचे नाव मिळावे, हा भाषेचा एक मिस्कीलपणाच म्हणावा लागेल.

बंबाची रचना साधी, पण विचारपूर्वक केलेली असे. उभट भांड्याच्या मधोमध वरपर्यंत जाणारे नळकांडे, तळाशी जाळी, जाळीखाली राख पडण्यासाठी जागा आणि बाजूला तोटी, असे त्याचे भाग होत. नळकांड्यात ढलप्या, कोळसा, गोवरीचे तुकडे किंवा नारळाच्या करवंट्या टाकून विस्तव केला, की त्याच्या चहूबाजूंनी असलेले पाणी तापे. उघड्या चुलीवर हंड्याच्या कडेने जी आच वाया जाते, ती येथे बरीचशी पाण्यातच मुरत असे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की तोटीतून बादलीभर कढत पाणी काढून वरून तेवढेच गार पाणी ओतता येई आणि विस्तव चालू असेपर्यंत हा क्रम थांबत नसे. दहा-बारा माणसांच्या घराला बंब पुरे, तो त्याच्या आकारामुळे नव्हे, तर या अखंडपणामुळे. अर्थात या अखंडपणाची किंमत घरातील कोणीतरी चुकवत असे, आणि बंब पेटवण्यासाठी सर्वांच्या आधी उठणारी ती व्यक्ती बहुधा स्त्रीच असे.

बंब जुना होई तोही ठरावीक रीतीने. पाणी ओतायला विसर पडून तो कोरडा तापला, तर सांध्यांचे डाख वितळत आणि तो गळू लागे. अशा वेळी तो तांबटाकडे, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिराकडे, जाई. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी या कामासाठी प्रसिद्ध होती. तांबट त्याला डाग देई, म्हणजे गळती डाखाने बुजवी. दुरुस्तीपलीकडे गेलेला बंब मोडीत निघे, म्हणजे त्याचे तांबे वजनावर घेतले जाई आणि नव्या भांड्याच्या किमतीतून ती रक्कम वजा होई. त्यामुळे बंब बदलणे हा निव्वळ खर्च नसून जुन्या तांब्याचे नव्या रूपात येणे होते.

विजेच्या गीझरने हा व्यवहार पालटला. गीझर हे नाव मूळचे आइसलँडमधील उसळत्या गरम झऱ्याचे. लंडनमध्ये बेंजामिन मॉन याने 1868 मध्ये आपल्या गॅसवरील यंत्राला ते दिले, तर पाणी साठवून आपोआप तापवणारे यंत्र 1889 मध्ये एडविन रूड याने अमेरिकेत तयार केले. पुण्यात 1961 च्या पानशेत पुरात अनेक वाडे पडले, पुढे सदनिका वाढल्या, आणि धुराडे नसलेल्या न्हाणीघरात बंबाला जागाच उरली नाही.

मात्र गीझर पाणी मोजून देतो. नळाचे पाणी 20 अंश आणि गीझरचे 60 अंश सेल्सिअस धरले, तर 20 लिटरची कोमट बादली भरायला 10 लिटर कढत पाणी आणि तेवढेच विसण, म्हणजे ते निववण्यासाठी घालायचे गार पाणी, लागते. 25 लिटरच्या टाकीत अशा अडीच बादल्या निघतात. पुन्हा तेवढे पाणी तापायला 2 किलोवॅटच्या कॉइलला सुमारे 35 मिनिटे आणि 1.16 युनिट वीज लागते. दहा माणसांच्या आंघोळींना म्हणून 100 लिटर कढत पाणी, साडेचार युनिटांहून थोडी अधिक वीज आणि सव्वादोन तासांहून अधिक वेळ, असा हिशेब पडतो. जुना गीझर बदलताना मोठ्या कुटुंबाने हाच हिशेब आधी मांडायला हवा. प्रत्यक्षात तो क्वचितच मांडला जातो आणि पूर्वीच्याच मापाची टाकी पुन्हा भिंतीवर चढते.

विंधन विहिरीच्या जड पाण्यातील क्षार कॉइलवर थर धरतात; कॉइल बदलता येते, पण जुन्या गीझरमधील तांब्याच्या टाकीला जसा डाग देता येई, तसा आतून काचेचा मुलामा दिलेल्या नव्या पोलादी टाकीला देता येत नाही, ती गळली की सारा गीझरच टाकावा लागतो. गच्चीवरील सौर बंबाने, कारण मराठी माणसाने त्यालाही बंबच म्हटले, मोठ्या घराची गरज पुन्हा भागवली. साधारणपणे चार-पाच माणसांमागे 100 लिटरची टाकी धरली जाते. आषाढ-श्रावणात आभाळ भरून आले, की त्याच टाकीतील विजेची कॉइल चालू करावी लागते.