सडपातळ माणसांचा मधुमेह : पुण्याच्या सहा खेड्यांपासून डेरवणपर्यंत

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. शेजारी शेजारी उभे असलेले दोन डॉक्टर : एक लंडनचे जॉन युडकिन, दुसरे पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. वैद्यकशास्त्राच्या तत्कालीन मोजपट्टीप्रमाणे दोघेही सडपातळ, दोघेही निरोगी. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के. गंमत म्हणून काढल्यासारख्या वाटणाऱ्या त्या छायाचित्रामागे वीस वर्षांची चिकाटी होती.

याज्ञिक १९८०च्या दशकात ऑक्सफर्डमधील संशोधनानुभव घेऊन पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात आले. मधुमेहाची विलायती पुस्तके सांगत : रुग्ण साठीकडे झुकलेला असतो, स्थूल असतो. पुण्याच्या बाह्यरुग्ण विभागात येणारी माणसे त्या वर्णनात बसत नव्हती. ती दहा-दहा वर्षांनी तरुण होती, हातापायांनी किडकिडीत होती. पोट तेवढे सुटलेले. पुस्तक चुकले की रुग्ण, असा हा पेच होता. अशा वेळी रुग्णालाच अपवाद ठरवून मोकळे होणे सोपे असते. याज्ञिकांनी ते केले नाही, आणि त्यांच्या कारकिर्दीचे खरे मोल इथूनच सुरू होते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर नावाचे साथरोगतज्ज्ञ जुन्या नोंदवह्या धुंडाळत होते. हर्टफर्डशायर परगण्यात १९११पासून सुइणी प्रत्येक नवजात बालकाचे वजन वहीत टिपून ठेवत. त्या बालकांचे पुढे काय झाले याचा माग काढल्यावर बार्कर यांना दिसले, की जन्मतः कमी वजनाची मुले उतारवयात हृदयविकाराने अधिक मरतात. म्हातारपणीच्या व्याधींचे मूळ गर्भाशयात शोधावे लागेल, हा त्यांचा दावा तेव्हा अनेकांना विक्षिप्त वाटला. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी त्या वह्यांपाशी क्षणभर थांबायला हरकत नाही. जपून ठेवलेला एक सामान्य दप्तरी कागद सत्तर वर्षांनी वैद्यकाची दिशा बदलू शकतो, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

भारतात अशा वह्या नव्हत्या. तेव्हा त्या नव्याने लिहायच्या ठरल्या. के. ई. एम.मध्ये जन्मलेल्या मुलांची चौथ्या आणि मग आठव्या वर्षी तपासणी झाली. १९९९ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की जन्मतः लहान पण आठव्या वर्षी आकाराने मोठी असलेली मुले सर्वाधिक धोक्यात होती. शाळकरी वयातच त्यांच्यात इन्शुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती दिसत होती.

पण जन्मानंतर मोजणी सुरू करणे म्हणजे गोष्ट मधूनच ऐकणे. म्हणून १९९३मध्ये 'पुणे मातृपोषण अभ्यास' उभा राहिला. पुण्याजवळची दुष्काळी पट्ट्यातील सहा खेडी निवडली गेली. दोन हजार चारशेहून अधिक विवाहित स्त्रियांची नोंद गर्भधारणेपूर्वीच झाली. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघर जाऊन पाळीची तारीख विचारत, म्हणजे दिवस राहिल्याचे लवकर कळावे. बाळ जन्मले, की ७२ तासांच्या आत त्याची लांबी, डोके, पोट, दंड आणि कातडीखालच्या चरबीची जाडी मोजली जाई. साउदॅम्प्टनच्या कॅरोलाइन फॉल आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील शोभा राव ही या कामातील महत्त्वाची नावे.

त्या माता कशा होत्या? सरासरी उंची १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलोच्या आसपास. बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५. इथवर अनपेक्षित काही नव्हते. आश्चर्य पुढच्या आकड्यांत होते. पुण्याच्या बाळांचे पोट लहान, दंड बारीक, स्नायू तोकडे. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत. उपाशी गर्भाने अवयवांवर काटकसर केली होती, चरबीवर नाही. २००३ साली या बाळाला नाव मिळाले : 'सडपातळ-मेदयुक्त भारतीय बाळ'. युडकिन यांच्या शेजारी उभा असलेला प्रौढ माणूस त्या बाळाचीच पुढची आवृत्ती होता.

पुण्याला अन्नाविषयीच्या वादांची परंपरा आहे. १९७१मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याची रेषा उष्मांकांवर आखली, पां. वा. सुखात्मे यांनी त्या मोजणीलाच आव्हान दिले. या वादात सारा भर ताटातल्या उष्मांकांवर होता. सहा खेड्यांच्या अभ्यासाने प्रश्न हलवला. बाळाच्या आकाराशी संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दुधाशी. एकूण उष्मांकांशी तितका नाही. शेतातली आणि पाणी वाहण्याची कामे जितकी अधिक, तितके बाळ लहान, हेही आढळले. 'आईने नीट खाल्ले नाही' असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी हे दुसरे वाक्य पुन्हा वाचावे.

मग ब-१२ जीवनसत्त्वाचे प्रकरण आले. निम्म्याहून कितीतरी अधिक मातांत त्याची कमतरता होती. पुरुषही सुटले नव्हते : ग्रामीण, झोपडपट्टीतील आणि मध्यमवर्गीय अशा ४४१ पुरुषांच्या पाहणीत ६७ टक्क्यांमध्ये हे जीवनसत्त्व कमी भरले, आणि सर्वांत वाईट स्थिती शहरी मध्यमवर्गाची. शाकाहाराला सात्त्विकतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या समाजाला हे पचणे अवघडच होते. २००८मध्ये त्याहून अडचणीचा निष्कर्ष आला. ज्या मातांत ब-१२ कमी आणि फोलेट जास्त होते, त्यांची मुले सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होती. फोलिक आम्ल तर सरकारी कार्यक्रमातून लोहाच्या गोळीबरोबर गरोदर स्त्रियांना दिले जाते, आणि त्याची गरजही खरी आहे. गोळी बंद करा, असे या निष्कर्षाचे म्हणणे नव्हते. तिच्यात काय कमी आहे, याकडे त्याचा निर्देश होता.

ती मुले वाढली. अठराव्या वर्षी त्यांतील ६१९ जणांची तपासणी झाली. ३७ टक्के मुलगे आणि १८ टक्के मुली यांच्या रक्तातील साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. याच पिढीतील साधारण निम्मे तरुण-तरुणी प्रमाणापेक्षा कमी वजनाचे होते. मधुमेह हा सुखवस्तूंचा रोग, ही समजूत या दोन वाक्यांपुढे टिकत नाही.

२०१२मध्ये याच मुलांवर पुढचा प्रयोग सुरू झाला. पूर्वी बाळ म्हणून मोजल्या गेलेल्या या किशोरांना रोज अवघे दोन मायक्रोग्रॅम ब-१२ देण्यात आले; काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्मपोषके, काहींना कोरी गोळी. ही मुले आई-बाप होण्याआधीच सुरुवात करावी, हा त्यामागचा विचार. त्यांच्या बाळांच्या मेंदूच्या वाढीवर ब-१२चा चांगला परिणाम दिसल्याचे अहवाल आले आहेत. मधुमेहाचे उत्तर मिळायला ती बाळे मोठी व्हावी लागतील.

हाच धागा आता सह्याद्री उतरून रत्नागिरी जिल्ह्यात गेला आहे. हा जिल्हा दीर्घकाळ मनिऑर्डरवर जगला. पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, आणि गावाकडे भाताची खाचरे सांभाळणाऱ्या बायका. २०११च्या जनगणनेतही इथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. म्हणजे कष्ट आणि बाळाचा आकार यांचा पुण्यात दिसलेला संबंध इथे आणखी बारकाईने तपासण्याजोगा आहे. ब-१२चा हिशेब मात्र जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण मासळीत ते भरपूर असते. पण मासळी कोणाच्या ताटात, किती आणि वर्षातले किती महिने, हे विचारल्याशिवाय 'कोकणी माणूस मासे खातो' या वाक्याला अर्थ नाही.

चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने सोळा ते अठरा वर्षांच्या सुमारे दीड हजार मुलींची नोंद करून त्यांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. उद्या त्यांची लग्ने होतील, काही मुंबईला जातील, काही घाटावर. तिथेही त्यांच्या आणि त्यांच्या बाळांच्या नोंदी सुरू ठेवायच्या आहेत. डेरवणची ही वही आता कुठे उघडली आहे.