पातेल्याचा धातू?

एरंडोलजवळ महामार्गावर ट्रक-जीपवाल्यांत ॲल्युमिनियमच्या इंजिन ब्लॉकचा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: "हा पातेल्याचा धातू. ब्लॉक असावा तर बिडाचा." हे मत अनुभवातून आलेलं आहे, म्हणून हसण्यावारी नेता येत नाही. तरी ते चूक आहे.

आधी पूर्वपक्ष नीट ऐकू. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. क्रँकशाफ्ट पोलादी, घर ॲल्युमिनियमचं. बेअरिंगचं ६० मिलिमीटरचं घर ७० अंशांनी तापलं, तर ते शाफ्टपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर जास्त मोठं होतं. तेलाच्या थराला मुळात ठेवलेली फटच साधारण तेवढी! मग तेलाचा दाब पडणार, बेअरिंग वाजणार. आक्षेप खरा आहे.

पण बिडाचाच नकाशा कोणी तसाच ॲल्युमिनियममध्ये ओतत नाही. बेअरिंगच्या कॅप लोखंडी ठेवतात. पिस्टन घासतो तो बहुधा बिडाच्या स्लीव्हवर. बोल्टचे आटे जास्त खोल पाडतात, भिंतींना फासळ्या देतात. आणि धातू म्हणाल तर सिलिकॉन मिसळून ओतलेल्या मिश्रधातूचं पातेल्याशी फक्त नावाचं नातं आहे.

२०२२ साली स्कॉर्पिओ क्लासिकचं ॲल्युमिनियमचं डिझेल इंजिन आलं, ते आधीच्यापेक्षा ५५ किलोंनी हलकं असल्याचं महिंद्राने जाहीर केलं. जीपच्या पुढच्या चाकांवरून एवढा भार उतरणं मोठी गोष्ट आहे. ५५ टनांच्या ट्रेलरला तो फरक जाणवणारही नाही. तिथे सिलिंडरमध्ये २०० बारच्या आसपास दाब, लाखो किलोमीटरची धाव, स्लीव्ह बदलून पुन्हा बांधणी. तिथे बीडच हवं, यात मला शंका नाही. चूक होते ती ट्रकचा न्याय जीपला लावताना.

मग ॲल्युमिनियमची इंजिनं बसतात ती का? पुष्कळदा उत्तर रेडिएटरमध्ये सापडतं. कूलंटऐवजी बोअरचं जड पाणी. क्षार पाण्याच्या वाटा बुजवतात, आणि ॲल्युमिनियम व लोखंड अशा पाण्यात एकत्र भिजली की झिजतं ते ॲल्युमिनियम. वर मे महिन्यातलं खानदेशचं ऊन. बीड ही हयगय बरीच सोसतं. ॲल्युमिनियमचा सपाट माथा वाकतो, गॅस्केट जातं, आणि बोल धातूला लागतो.

म्हणून गाडीवाल्यांना कळकळीने सांगतो: काटा लाल रेषेकडे गेला की गाडी बाजूला घ्या, इंजिन पूर्ण निवू द्या, आणि पुस्तिकेत लिहिलेलं कूलंटच भरा.