परागंदा

'परागंदा' हा शब्द मूळचा फारसी. तेथे त्याचा अर्थ 'विखुरलेला' एवढाच, परंतु दुष्काळाने वा स्वारीने मुलूख उजाड होऊन रयत देशोधडीस लागे, त्या अनुभवातून मराठीत त्यास देशत्यागाची वेदना चिकटली. आज दरिद्री राष्ट्रांतून परागंदा होते ती विद्या! सरकारी खजिन्यातून शिकलेला वैद्य परदेशी गेला, की त्याने धाडलेल्या रकमेने त्याचे कुटुंब सावरते, हे खरे. पण गावच्या दवाखान्याची रिकामी जागा त्या रकमेने भरत नाही. अशा तज्ज्ञांच्या परदेशातील मिळकतीवर कर बसवून तो विकसनशील देशांच्या कामी लावावा, ही मुंबईत जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ जगदीश भगवती यांनी १९७०च्या दशकात केलेली सूचना श्रीमंत राष्ट्रांनी स्वीकारली नाही, हा माझ्या मते उघड अन्याय आहे.