खेळातला खाणकामगार

कामगार संघटनेच्या माणसाने पोरासोरांच्या खेळांवर का बोलावे, अशी शंका काहींना येईल. पण या खेळांच्या इतिहासात एक कारखाना आहे आणि कोळशाची एक खाणही आहे. तेव्हा विषय अगदीच परका नव्हे.

१९८२ साली ब्रिटनमध्ये सिंक्लेअर कंपनीने ‘स्पेक्ट्रम’ हा घरगुती संगणक विक्रीस आणला. किंमत १२५ पौंडांपासून पुढे. तो घरच्या टेलिव्हिजनला जोडावयाचा आणि साध्या टेपरेकॉर्डरवरून त्यात खेळ भरावयाचा. त्याला काही मिनिटे लागत, आणि तोवर कर्कश आवाज ऐकावा लागे! महागातल्या यंत्राची स्मृतीही अवघी ४८ किलोबाइट. या यंत्रांची जुळणी स्कॉटलंडात डंडी येथील टायमेक्सच्या कारखान्यात होई. तेथील बहुसंख्य कामगार स्त्रिया होत्या.

१९८३ साली मॅथ्यू स्मिथ या विशीही न गाठलेल्या मुलाने ‘मॅनिक मायनर’ हा खेळ रचला. विली नावाचा खाणकामगार २० गुहांतून उड्या मारीत किल्ल्या गोळा करतो. पडद्याच्या खालच्या बाजूस हवेची पट्टी असते. ती क्षणोक्षणी आखूड होत जाते आणि संपली की विली मेला. मला तर साऱ्या खेळात ही पट्टीच खरी वाटते. खाणीत उतरणाऱ्याला हवेची किंमत सांगावी लागत नाही. मात्र विली एकटा आहे. त्याला जोडीदार नाही, मुकादम नाही, आणि संघटना तर नाहीच. खऱ्या खाणीत एकट्याने एक पाळीही निभत नाही.

मार्च १९८४ मध्ये सरकारी कोळसा मंडळाने २० खाणी बंद करण्याचा बेत जाहीर केला आणि १ लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. त्याच वर्षी शेफील्डच्या ग्रेमलिन ग्राफिक्सने ‘वॉन्टेड: मॉन्टी मोल’ हा खेळ काढला. खाणकामगार संघाची कचेरीही त्याच शहरात. जमीन पोखरणारा हा प्राणी हिवाळ्यासाठी खाणीतून कोळसा चोरतो, आणि संघाचे अध्यक्ष आर्थर स्कारगिल यांचे व्यंगचित्र त्याच्या वाटेत उभे राहते. वर्तमानपत्रांत त्याचा बराच गाजावाजा झाला. पुढाऱ्याची थट्टा झाली याबद्दल माझी तक्रार नाही. स्कारगिल यांनी देशभर मतदान घेतले नाही, ही टीका मलाही रास्त वाटते. पण वर्षभर पगाराविना दिवस काढणारी कुटुंबे या खेळात कोठेच नाहीत.

मार्च १९८५ मध्ये संप मागे घेतला गेला. पुष्कळ ठिकाणी कामगार बँड वाजवीत, निशाणे घेऊन खाणीवर परतले. डंडीचा कारखाना १९९३ साली कडव्या संघर्षानंतर बंद पडला. स्पेक्ट्रमची जुळणी तेथून त्याआधीच गेली होती.